उधईवाल्या सिस्टर

खोली बघायला गेलो तेव्हा सिस्टरांनी आम्हाला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, घरी काय शिजतं तेही विचारलं नाही. फाटकात उभं राहूनच त्यांनी विचारलं, "पुठ्ठ्याचे खोके किती आहेत?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "असतील दहा-बारा."

"ते इथंच खाली करा. खोका आत येणार नाही."

सामान आणलं त्या दिवशी नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या जुन्या लेआउटमध्ये, भर रस्त्यावर बसून आम्ही भांडी, कपडे, मुलीची खेळणी खोक्यांतून काढली आणि ओंजळी-ओंजळीनं आत नेली. टीव्हीचा खोका वॉरंटीसाठी ठेवावा लागतो, असं नवऱ्यानं सांगून पाहिलं. "टीव्हीची वॉरंटी आहे. माह्या घराची कोण देते?" असं म्हणत सिस्टरांनी तो खोका स्वतः ओढत नेला आणि कबाडीवाल्याच्या ठेल्यावर टाकला.

सरकारी दवाखान्यात त्यांनी सारी नोकरी नर्स म्हणून केली होती. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण अख्खं लेआउट त्यांना सिस्टरच म्हणे. पती वारलेले, मूलबाळ नाही, एक पुतण्या हैदराबादला. घर सासऱ्यांनी बांधलेलं. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, मागच्या दोन कवेलूच्या, म्हणजे कौलारू, आणि मागच्या अंगणात विहीर. मागच्या खोल्या आमच्याकडे होत्या. नवरा चंद्रपूरला नोकरीला, शनिवारी यायचा. बाकी आठवडा मी आणि माझी चार वर्षांची मुलगी.

वाळवीला आमच्याकडे उधई म्हणतात. सिस्टर तो शब्द फारसा उच्चारत नसत. "त्या", "त्यायचं", "त्यायले" एवढंच. "त्यायले घाई नसते," असं त्या म्हणायच्या. "आपल्याले असते. म्हणून आपण हरतो."

रोज सकाळी साडेसहाला त्यांचा राउंड सुरू व्हायचा. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात स्क्रू पिळायचा पेचकस, गळ्यात जुना स्टेथोस्कोप. घरातल्या प्रत्येक चौकटीला नंबर होता. स्वयंपाकघराचं दार तीन, आमची खिडकी सात, आमच्या पलंगावरून जाणारी मोठी मयाल, म्हणजे कवेलूंचा भार घेणारं आडवं लाकूड, ते अकरा. मयालीपर्यंत पोचायला त्या स्टूल घेऊन यायच्या. स्टेथोस्कोप लाकडाला लावायचा, डोळे मिटायचे, मग पेचकसाच्या मुठीनं दोन ठोके द्यायचे आणि वहीत लिहायचं. "सात नंबर, आवाज नाही." पहिल्या महिन्यात मला हसू यायचं. मुलीला नाही आलं. ती त्यांच्यामागून हिंडायची आणि मिटल्या ओठांनी ऐकायचा अभिनय करायची.

कोणाच्या घरी गेल्या तरी त्यांचं लक्ष माणसांआधी चौकटीकडे जायचं. शेजारच्या गल्लीत एक वयस्कर गृहस्थ वारले, तेव्हा आम्ही दोघी भेटायला गेलो. बायका एका बाजूला बसल्या होत्या. सिस्टर दाराशीच थबकल्या. रंग फुगून फोडासारखा आला होता, तिथं त्यांनी नखानं दाबलं. मग आत येऊन गेलेल्या माणसाच्या मुलाजवळ बसल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "बाबू, तेरावं झालं की चौकट पाहजो. आतून संपली आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना मी म्हटलं, "सिस्टर, आज काहून सांगितलं? चार दिवसांनी सांगता आलं असतं."

"चार दिवस कोणाचे?" त्या म्हणाल्या. "दार वर्षभरापासून अडकून राहिलं असंन. ते म्हणत असतीन, पावसानं फुगलं. सारेच तसं म्हणतात."

त्या मुलानं पुढे वर्षभर सिस्टरांशी बोलणं टाकलं. मग एक दिवस स्वतःच आला आणि म्हणाला की सुतारानं चौकट काढायला हात लावला तर ती हातात आली, भुशासारखी. सिस्टरांना आनंद झाला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "मातीपासून वर उचलून बसवली ना नवी? का पुन्हा मातीतच?"

हे सगळं त्यांच्यात कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही अंगणात बसून वाळवणाच्या कुरड्या उलटत होतो. त्यांचे वडील धम्मदीक्षेच्या वेळी गावाहून पायी नागपूरला आलेले. पुढे मुलींना शिकवायचंच, असा त्यांचा हट्ट होता. सिस्टर मॅट्रिक झाल्या तेव्हा वडिलांनी प्रमाणपत्र लाकडी पेटीत, कोऱ्या धोतरात गुंडाळून ठेवलं. नर्सिंगला नंबर लागला, कागद मागितले, पेटी उघडली. पेटी वरून चांगली होती. आत माती होती.

"धोतर होतं तसंच दिसत होतं," सिस्टर म्हणाल्या. "हात लावला तर अख्खी घडीच चुरा होऊन पडली. वडील रडले नाही. पेटीजवळ बसून राहिले." नवीन कागद मिळेपर्यंत ते वर्ष गेलं. त्या वर्षी त्यांच्यासाठी एक स्थळ आलं होतं आणि घरचे जवळजवळ हो म्हणणार होते. "थोडक्यात वाचली मी," एवढं बोलून त्यांनी पुढची कुरडी उलटली.

म्हणूनच त्यांच्या घराचे नियम नियमांसारखे वाटायचे नाहीत, औषधाच्या वेळांसारखे वाटायचे. रद्दी भिंतीला लावून ठेवायची नाही. जळतण अंगणात ठेवायचं तर विटांवर. कुंड्या भिंतीपासून दोन हात लांब. नळ टपकला तर त्याच दिवशी सांगायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की भिंतीवर मातीची रेघ दिसली तर ती पुसायची नाही. "ती त्यायची वाट असते. पुसली तर त्या जात नाही, दुसरी वाट करतात. मग आपल्याले दिसत नाही. दिसली की मले सांगजो."

आमच्या आधीचे भाडेकरू याच कारणावरून गेले होते. त्यांनी माळ्यावर लपवून जुनी मासिकं ठेवली होती. सिस्टरांनी आठ दिवसांत खोली खाली करायला लावली, असं शेजारच्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

आता माझं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही नवीन कूलर घेतला. मागच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवला. नागपूरच्या मे महिन्यात कूलर नसेल तर लहान मूल जेवत नाही, झोपत नाही. तो दिवसभर चाले. टाकी कुठून तरी झिरपत होती. पाणी स्टँडच्या पायावरून भिंतीवर आणि भिंतीवरून मातीत जायचं. मला दिसत होतं. शनिवारी नवरा आला की बघू, असं मी म्हणायची. शनिवारी तो थकलेला असायचा.

एका सकाळी टाकी भरायला गेले तर कूलरच्या मागे, जोत्यापासून खिडकीच्या चौकटीपर्यंत, पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ.

सिस्टरांना सांगायचं म्हणजे कूलरचं पाणी सांगायचं, म्हणजे खोली जायची. मुलीला नुकताच जवळच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. मी ऑफिसात असताना तिला सिस्टरच सांभाळायच्या. मी ओलं फडकं आणलं आणि रेघ पुसली.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. मी पुन्हा पुसली. तिसऱ्यांदाही पुसली. मग ती आली नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या दिवसापासून ऑफिसात काम करताना कानात काहीतरी कुरकुरल्यासारखं व्हायचं. मी मोबाईलवर शोधत बसायची आणि वाचलेलं अर्धवट ठेवून बंद करायची.

एका गोष्टीचा मला आधार होता. सिस्टर रोज सकाळी येत होत्या, सात नंबरला स्टेथोस्कोप लावत होत्या, स्टुलावर चढून अकरा नंबरला लावत होत्या आणि लिहीत होत्या, आवाज नाही. ज्या बाईला दुसऱ्याच्या घरची चौकट चालता-चालता कळते, तिला जर ऐकू येत नाही, तर काही नसणारच. मी स्वतःला हे रोज सांगत होते.

पावसाळ्यात खिडकी अडकायला लागली. पावसानं फुगली, मी म्हटलं. खिडकीच्या पट्टीवर एके संध्याकाळी बारीक पंखांचा ढीग दिसला, नुसते पंख, किडा एकही नाही. ते मी केरात भरले. पुढच्या सकाळी राउंड झाला. आवाज नाही.

ऑगस्टातला रविवार होता. मी कणीक मळत होते. मुलगी खिडकीशी खेळत होती. ती म्हणाली, "आई, लाकूड मऊ आहे." मी वळून पाहिलं तर तिचं बोट चौकटीच्या आत गेलेलं. वरचा रंग जसाच्या तसा, आणि आत काहीच नाही.

मी कणकेच्या हातानंच सिस्टरांकडे धावले. त्या आल्या. चौकटीला स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले.

"आवाज नाही," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, इथं भोक आहे. पोरीचं बोट गेलं आत."

त्यांनी डोळे उघडले. भोक पाहिलं. पुन्हा स्टेथोस्कोप लावला, जागा बदलली, पुन्हा बदलली. मग त्यांनी कानातून नळ्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "तू ऐक."

मी ऐकलं. वाळल्या पाचोळ्यावरून कोणी बोट फिरवत असावं तसा आवाज. मधेच थांबणारा, मग एकदम अनेक ठिकाणांहून येणारा. तो बारीक नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते आणि मला तो लगेच कळला.

"येते?" त्यांनी विचारलं.

"येते."

त्या खाली बसल्या नाहीत. स्टूल ओढलं, वर चढल्या आणि पेचकस अकरा नंबरच्या मयालीवर टेकवला. जोर लावावा लागला नाही. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्या मयालीखालच्याच पलंगावर माझी मुलगी झोपायची.

"पलंग हलव," त्या म्हणाल्या. "माह्या खोलीत ने. आत्ताच."

आम्ही दोघींनी तो पलंग ओढत त्यांच्या पुढच्या खोलीत नेला, मग गादी, मग कपाट. मुलीला वाटलं, काहीतरी गंमत आहे. सगळं हलवून झाल्यावर मी त्यांच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं. कूलर, पाणी, रेघ, फडकं, तीनदा, पंख, सगळं. सांगताना माझा आवाज खाली गेला होता.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "जोरानं बोल. मले अर्धंच समजलं."

मी पुन्हा सगळं सांगितलं, ओरडून. तोंडावर ओरडून आपला गुन्हा सांगावा लागणं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

"दीड वर्ष झालं," सिस्टर म्हणाल्या. "उजवा कान गेला. डाव्यानं थोडं येते. नळीतलं काहीच येत नाही."

मला कळायला वेळ लागला. मग त्यांचं दिवसभर उघडं राहणारं दार आठवलं, जे मी हवेसाठी समजत होते; कडी वाजली तर त्यांना ऐकू येत नव्हती. टीव्हीचा आवाज आठवला. "मग रोज सकाळी काय ऐकत होत्या तुम्ही?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "सवय होती. आणि पुतण्याले समजलं असतं तर त्यानं घर विकून मले हैदराबादला नेलं असतं. बहिरी बाई एकटी कशी राहीन म्हणून. ठोक्यावरून समजून जाईन, असं वाटे मले."

माझ्या डोक्यात संताप उसळला. त्यांच्या "आवाज नाही" वर मी सगळा उन्हाळा काढला होता. पण मी लपवलं होतं, त्यांनी लपवलं होतं, आणि मधे माझी मुलगी झोपत होती.

"वॉर्डात असं केलं असतं," सिस्टर म्हणाल्या, "तर मले त्याच दिवशी घरी पाठवलं असतं." मग पदरानं चेहरा पुसून त्या उठल्या आणि मुलीसाठी दूध गरम करायला गेल्या. मला खोली खाली कर म्हणाल्या नाहीत. त्यांच्याशी मीही काही दिवस कामापुरतंच बोलले.

औषध मारायला पहिला जो माणूस आला तो तरुण होता, ड्रिल मशीन घेऊनच आलेला. भिंत आणि फरशी मिळते तिथं चहूकडून फूट-फूट अंतरावर भोकं पाडायची, औषध सोडायचं, दोन दिवसांत काम फिनिश. सिस्टरांनी त्याला मागच्या अंगणात नेलं आणि विहीर दाखवली. मागच्या भिंतीपासून सात पावलांवर.

"इथंही भोकं पाडशीन?"

"हो मॅडम. काही होत नाही. खूप खाली पाणी आहे."

"उन्हाळ्यात चार घरं पितात हे पाणी. लेकरं पितात. काही होत नाही, हे लिहून देशीन?"

तो हसला. सिस्टरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मी हैराण झाले. मागे पोखरलेलं छत आणि ही बाई औषधवाल्याला परत पाठवते.

दुसरे गृहस्थ नागपूरच्याच महाल भागातून आले. आधी सुतार होते, नंतर या कामात पडलेले. त्यांनी मशीन आणलंच नव्हतं. दोन तास ते घराभोवती उकिडवे बसून माती उकरत फिरले. मग ओसरीत बसून सिस्टरांना, मला आणि माझ्या मांडीवरच्या मुलीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाहा ताई, पुढून आणि दोन्ही बाजूनं भोकं पाडून औषध सोडू. ते मातीत राहते, वर्षानुवर्षं वाट अडवते. विहिरीकडून नाही सोडायचं. कोणी कितीबी म्हणो. तिकडे जमिनीत डबे पुरू. डब्यात त्यांचं खाणं आणि त्यात हळू चालणारं औषध. त्या खातात, घरी नेतात, साऱ्यांना वाटतात. पण याले महिने लागतात. तोवर धीर पाहिजे. मयाल काढा, लोखंडी गर्डर टाका. खिडकीची चौकट काढा. जे लाकूड चांगलं आहे त्याले औषध पाजून घेऊ. आणि तो कूलर..."

"कूलर काढला," मी म्हणाले.

"कूलर ठेवा, नागपूर आहे. भिंतीपासून लांब ठेवा, खाली फरशी करा, पाणी नालीत जाऊ द्या. भिंत कोरडी तर अर्धं काम झालं."

मयाल काढायच्या दिवशी चार मजूर बोलावले होते. खालून टेकू दिले, कवेलू उतरवले. चौघांनी खांदे लावले आणि मयाल उचलली, तर चौघंही एकमेकांकडे बघायला लागले. मग एकजण बाजूला झाला, दुसरा झाला. उरलेल्या दोघांनी ती सहज बाहेर नेली. सागाचं बारा फुटी लाकूड. अंगणात टाकलं तेव्हा मधोमध मोडलं आणि आत मातीचे पापुद्रे दिसले, एकावर एक, वहीच्या पानांसारखे. सिस्टर आणि मी शेजारी-शेजारी उभ्या राहून ते बघत होतो. त्यांनी माझा दंड धरला. कोण कोणाला सावरत होतं ते सांगता येणार नाही.

पाच महिने आम्ही तिघी पुढच्या खोलीत राहिलो. दर पंधरवड्याला ते महालातले गृहस्थ येऊन डबे उघडायचे. पहिल्यांदा डबे जसेच्या तसे होते, उधईनं शिवलंच नव्हतं. तेव्हा मी खचले. मग दोन डब्यांत हालचाल दिसली. मग चारांत. दिवाळीनंतर एकदा त्यांनी डबा उघडला आणि सगळं थंड होतं. "गेली असं म्हणू नका," ते म्हणाले. "सध्या नाही, असं म्हणा." पुढे दोन वर्षं आम्ही त्या घरात होतो, आणि तेवढंच म्हणत राहिलो. आता आम्ही शहराबाहेर बेस्याला फ्लॅटमध्ये राहतो, चौथ्या मजल्यावर, तरी भिंतीवर ओघळ दिसला की मी आधी तो नखानं दाबून पाहते.

पण मला सांगायचा आहे तो त्याच थंडीतला एक दिवस. सिस्टर कानाच्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हत्या. मी रजा काढली आणि ऑटो दारात आणून उभा केला. मग त्या मुकाट बसल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "कधीपासून कमी ऐकू येतं आजी?" सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्या आता काहीतरी थातूरमातूर सांगतील. त्या म्हणाल्या, "दोन वर्षांपासून. मी कोणाले सांगितलं नाही. पुतण्याले आज सांगीन."

यंत्र लागणार होतं, त्याचं माप दिलं. परतताना ऑटोत मी आधी चढले आणि पलीकडे सरकून बसले. सिस्टर चढल्या नाहीत. पायरीवर एक पाय ठेवून उभ्या राहिल्या. ऑटोवाला मागे वळून बघायला लागला.

"तिकडून नाही वं," त्या म्हणाल्या. "खाली उतर. मले आत जाऊ दे, तू या बाजूनं बस. इकडून अजून ऐकू येते."